मोठ्या आतड्यातील पॉलिप

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या अस्तरातून आतल्या पोकळीत उगवलेली पेशींची वाढ म्हणजे पॉलिप. पन्नाशी उलटलेल्या, काहीही तक्रार नसलेल्या माणसांची कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, केली, तर चौघांपैकी किमान एकाकडे ॲडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारा पॉलिप, सापडतो. पुरुषांत प्रमाण अधिक असते आणि वयाबरोबर ते वाढते. बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. लहान पॉलिप दुखत नाही, आणि त्यातून रक्तही सहसा येत नाही.

आकार 5 मिमीपर्यंत असेल तर पॉलिप अतिलहान, 6 ते 9 मिमी असेल तर लहान आणि 10 मिमीपासून मोठा धरतात. सापडतात ते बहुतांशी पहिल्या दोन गटांतले. नुसत्या नजरेचा अंदाज हमखास चुकतो, कारण दुर्बिणीची भिंग रुंद कोनाची असते आणि जवळची वस्तू फुगवून दाखवते. त्यामुळे उघडलेला चिमटा किंवा माहीत असलेल्या व्यासाचा तारेचा फास शेजारी धरून माप घेतात.

देठावर लोंबणारा पॉलिप पाहताक्षणी लक्षात येतो आणि देठाला फास लावून काढताही येतो. बसक्या पॉलिपचे बूड रुंद असते. खरी डोकेदुखी सपाट पॉलिपची: तो अस्तरापेक्षा जेमतेम उंच असतो आणि आतड्याच्या घडीमागे सहज दडतो.

रंग आणि पृष्ठभाग यांवरून प्रकार बराचसा ओळखता येतो. ॲडिनोमा आजूबाजूच्या अस्तरापेक्षा लालसर असतो. अरुंद पट्ट्याच्या निळ्या-हिरव्या प्रकाशात तो तपकिरी दिसतो आणि त्यावर नळीसारखी, फाटे फुटलेली नक्षी उठते. हायपरप्लास्टिक पॉलिप फिकट, गुळगुळीत, बहुधा 5 मिमीच्या आतला आणि गुदाशयाजवळचा. तो जवळपास निरुपद्रवी असतो. दातेरी बसका पॉलिप मात्र मुख्यतः उजव्या बाजूच्या आतड्यात आढळतो. फिकट रंग, ढगासारखा पृष्ठभाग, पुसट कडा आणि वर पिवळसर चिकट थर; पाण्याच्या फवाऱ्याने तो थर धुतल्याशिवाय खालचे काही दिसत नाही. लहान मुलांत एकच गोल, गुळगुळीत, लालभडक पॉलिप गुदाशयात किंवा त्याच्या जरा वर असतो. शौचाला ताजे रक्त येते, कधी तो आपोआप गळूनही पडतो. शंभरावर ॲडिनोमा दिसले तर एपीसी जनुकातील आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो.

एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिलेल्या अभ्यासांत पहिल्या खेपेला सुमारे पाव ॲडिनोमा निसटल्याचे दिसले. त्यात अतिलहान आणि सपाट यांचा भरणा मोठा. मुख्य कारणे दोन: आतडे नीट साफ नसणे आणि दुर्बीण घाईने मागे घेणे. म्हणून पोट साफ करणाऱ्या औषधाचा निम्मा डोस तपासणीच्या दिवशी पहाटे देतात, आणि काही काढायचे नसले तरी दुर्बीण मागे घेताना किमान 6 मिनिटे पाहण्यात घालवतात.

ॲडिनोमांपैकी थोडेच पुढे कर्करोगात बदलतात आणि त्याला साधारण दहा वर्षे लागतात. 10 मिमी किंवा त्याहून मोठा आकार, झालरीसारखी रचना आणि पेशींतील तीव्र बदल ही जोखमीची लक्षणे. यांतली शेवटची दोन सूक्ष्मदर्शकाखालीच पक्की होतात, त्यामुळे काढलेला तुकडा हरवू न देणे महत्त्वाचे.

प्रत्येक उंचवटा पॉलिप नसतो. चरबीची गाठ पिवळसर असते, चिमट्याने दाबली की खड्डा पडतो. तिला बहुधा हात लावत नाहीत. आतड्याच्या भिंतीतली पिशवी उलटून आत आली तर ती हुबेहूब पॉलिपसारखी दिसते, पण तिला फास घातला तर आतड्याला भोक पडू शकते.