पगारी काळजीवाहकाकडून ज्येष्ठांचा छळ

घरी किंवा वृद्धाश्रमात देखभालीसाठी पैसे देऊन नेमलेल्या व्यक्तीने ज्येष्ठांना केलेली मारहाण, उपासमार, कोंडून वा गुंगीत ठेवणे, अपमान आणि आर्थिक लुबाडणूक. पुण्यात कोथरूड, औंध, सहकारनगर अशा भागांत मुले परदेशी आणि आई-वडील फ्लॅटमध्ये, ही घडी आता जुनी झाली. मधली जागा ब्यूरोकडून (काळजीवाहक पुरवणाऱ्या संस्थेकडून) आलेली ‘मावशी’, ‘सिस्टर’ किंवा ‘मामा’ भरून काढतात. ड्यूटी 12 किंवा 24 तासांची असते. बहुतेक जणी नेटाने काम करतात. पण एकच बाई महिनोन्‌महिने सलग पुरेशा झोपेविना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) पेशंट सांभाळते, तिथे दुर्लक्षाची सुरुवात बहुधा थकव्यातूनच होते. ‘सिस्टर’ म्हणजे नोंदणीकृत परिचारिका असेलच असे नाही. तसा दावा असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. ब्यूरोचा शॉप अ‍ॅक्टचा दाखला धंद्याचा असतो, काळजीच्या दर्जाचा नव्हे.

खुणा. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे वळ, मनगटाभोवती बांधल्याची रेघ, माकडहाडावर आणि टाचांवर जखमा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ते रात्री होत नसेल तर आधी त्वचा लाल होते, मग फुटते. संध्याकाळी पाच-सहानंतर पाणीच न देणे हा हमखास आढळणारा प्रकार, कारण रात्री डायपर बदलावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी लघवी गडद होते, बोलणे असंबद्ध होते आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ झोपेच्या गोळ्यांची पट्टी तारीख घालून मोजत जावी. डायपरच्या पाकिटाचा हिशेबही बरेच सांगून जातो.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या धरण्यानेही त्वचा काळीनिळी पडते आणि ‘माझ्या पाटल्या चोरल्या’ हा आरोप डिमेन्शियाचे लक्षणही असू शकतो. म्हणून आधी कपाट तपासावे, मग माणूस.

पुरावा. प्रकरण टिकते की पडते हे बहुधा पहिल्या दिवशीच ठरते. आधी पेशंटला सुरक्षित करावे, मग ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात नेऊन मेडिको-लीगल नोंद (एमएलसी) करून घ्यावी. जखमेचे वय आणि आकार लिहिलेला कागद तिथे मिळतो. फोटोत जखमेशेजारी नाणे किंवा पट्टी ठेवावी. कॅमेऱ्याच्या कार्डावर काही दिवसांनी जुन्यावर नवे चित्रण चढते, त्यामुळे कार्ड लगेच काढून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली क्लिप दाबली जाऊन तिचा मूळ तपशील हरवतो. अशा डिजिटल पुराव्यासोबत न्यायालयाला भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. न्हाणीघरात कॅमेरा लावू नये. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे संतापाच्या भरात बाईला थोबाडणे, खोलीत कोंडणे किंवा तिचे आधार कार्ड ठेवून घेणे. मग गुन्हा तुमच्यावरही दाखल होतो.

कोणता कायदा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 चे नाव सगळे घेतात, पण चरितार्थाची जबाबदारी तो अपत्ये आणि वारस नातेवाईक यांच्यावर टाकतो. पगारी मावशीवर नाही. सांभाळणारा मुलगाच छळत असेल तर आई-वडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या (प्रांतांच्या) न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. मात्र कलम 23 सर्वांना लागू आहे. मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर बक्षीसपत्र वा अन्य प्रकारे मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने शब्द पाळला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. घेणारी केअरटेकर असली तरीही. अट दस्तातच लिहिलेली असेल तर वाद फारसा उरत नाही.

बाकी वाट पोलीस ठाण्याची. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते. साधी दुखापत, कलम 115(2), अदखलपात्र असल्याने एनसीवर (नुसत्या अदखलपात्र नोंदीवर) बोळवण होते. तक्रारीत कोंडून ठेवणे (127), गुंगीचे औषध देणे (123, कमाल 10 वर्षे), नोकराने केलेली चोरी (306, कमाल 7 वर्षे) यांतले जे घडले ते नेमके लिहावे. कलम 357 फारसे कुणाला ठाऊक नसते: असहाय माणसाची सेवा करण्याचा करार करून ती मुद्दाम टाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे, पण लेखी करार असेल तर हे कलम उपयोगी पडते; तोंडी ठरलेल्या ड्यूटीत ते सिद्ध करणे कठीण.

आई-वडील कोथरूडला आणि लेक चिंचवडला असेल तरी अडत नाही. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय 2018 पासून वेगळे आहे, पण झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली गुन्ह्याची पहिली नोंद, कोणत्याही ठाण्यात करता येते. ठाण्याने नोंद नाकारली तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे. यूपीआयवरून पैसे गेले असतील तर आधी सायबर हेल्पलाइन 1930. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन एल्डरलाइन 14567, जिवावर बेतले तर 112.

ब्यूरोला जबाबदार धरायचे तर ग्राहक आयोग. सेवेतील त्रुटीची तक्रार 2 वर्षांच्या आत आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ब्यूरो ‘आम्ही फक्त माणूस पुरवतो’ म्हणेल. त्यावर उत्तर म्हणजे दरमहा कमिशनची पावती, म्हणून पैसे रोखीने देऊ नयेत.

जबाबासाठी 60 वर्षांवरील पुरुषाला, कोणत्याही वयाच्या स्त्रीला किंवा गंभीर आजारी व्यक्तीला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे असते. डिमेन्शियात गोंधळ बहुधा दिवस कलताना वाढतो, तेव्हा सकाळची वेळ मागून घ्यावी आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती मावशी त्या वेळी घरात नसेल हे पाहावे.