पॉवर स्टिअरिंगचे मॅन्युअल स्टिअरिंगमध्ये रूपांतर

पॉवर स्टिअरिंग असलेल्या मोटारीतून, मुख्यतः स्पोर्ट्स कारमधून, मदतीची यंत्रणा काढून पुढची चाके केवळ चालकाच्या हाताच्या जोरावर वळतील अशी रचना करणे. टायरखाली काय चालले आहे ते हातांना नेमके कळावे, हा यामागचा खरा हेतू. वजन दहाएक किलोने घटते, पंप फिरवण्यात जाणारी इंजिनाची थोडी ताकद वाचते, तेलगळतीची कटकट संपते. पण हे वरकड फायदे आहेत, आणि तेवढ्यासाठी कोणी हा खटाटोप करू नये.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात विकसित केले. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून आले. पोर्शे ९११ ला ते १९८९ च्या सुमारास, ९६४ मालिकेपासून मिळाले. लोटस एलिस आणि अल्फा रोमिओ ४सी या गाड्यांना मात्र ते शेवटपर्यंत बसवले गेले नाही. दोन्हींचे इंजिन आसनांच्या मागे, त्यामुळे पुढच्या चाकांवर भार कमी. मदत काढून टाकण्यास कोणती गाडी योग्य, याचे उत्तर इथेच मिळते: पुढून हलकी आणि फार रुंद टायर नसलेली.

या यंत्रणेत बेल्टवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंगचा दांडा आणि पिनियन (छोटे दातेरी चाक) यांच्यामध्ये टॉर्शन बार नावाची बारीक पोलादी कांडी असते. स्टिअरिंग वळवले की ती किंचित पिळली जाते, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल रॅकवरच्या, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यावरच्या, पिस्टनच्या एका बाजूला जाऊन रॅक ढकलते. रूपांतराचे यशापयश या कांडीवर ठरते.

सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे पंप काढून रॅकची तेलाची दोन्ही तोंडे एका नळीने एकमेकांना जोडणे. (तोंडांना नुसते बूच मारले तर कोंडलेले तेल रॅकला हलूच देत नाही.) गाडी चालते, पण काम अर्धेच झालेले असते. असा रॅक टेबलावर घेऊन पिनियनचा दात एका जागी धरावा आणि वरचा दांडा हाताने फिरवावा: रॅक जागचा हलत नाही, दांडा मात्र आधी थोडा फिरतो आणि हात सोडताच स्प्रिंगसारखा परत येतो. हाच प्ले (ढिलाई) गाडीत सरळ रस्त्यावर जाणवतो. ज्या स्पष्टतेसाठी मदत काढली, तीच अशा गाडीत हरवते. शिवाय पिस्टनचे सील तसेच राहिल्याने घर्षण उरते ते वेगळेच.

पूर्ण काम करायचे तर रॅक उघडून पिस्टनवरचे सील काढतात, जुने तेल धुऊन ग्रीस भरतात आणि टॉर्शन बार निष्प्रभ होईल अशा रीतीने वरचा दांडा पिनियनशी वेल्ड करतात. हे वेल्डिंग साधे नाही. उष्णतेने कडक पोलादाचे गुणधर्म बदलतात, आणि हा सांधा तुटला तर स्टिअरिंग हातात फिरत राहते, गाडी वळत नाही. टिग वेल्डिंगचा (टंगस्टन इलेक्ट्रोडने होणाऱ्या नाजूक वेल्डिंगचा) जाणकार कारागीर आणि नंतर डाय, म्हणजे रंगीत द्रव, टाकून तडे तपासणे, या दोन गोष्टींत काटकसर करू नये. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात असे वेल्डर आणि लेथवाले मिळतात, ही पुण्यातल्या हौशी मंडळींची मोठी सोय आहे. पंपाच्याच बेल्टवर एसीचा कॉम्प्रेसर असेल, तर कमी लांबीचा बेल्ट किंवा जादा पुली लागते.

कंपनीचा मूळ मॅन्युअल रॅक मिळाला तर तोच सर्वांत उत्तम, कारण त्याचे गिअर प्रमाणही (चाक एक अंश वळण्यासाठी स्टिअरिंग किती अंश फिरवावे लागते ते) वेगळे असते. माझदा मियाटाच्या पहिल्या पिढीत पॉवर रॅक सुमारे १५:१, तर मॅन्युअल रॅक सुमारे १८:१ होता. पॉवर रॅकचीच मदत काढली की स्टिअरिंग चपळ राहते, पण जास्त जड होते. कॅस्टर कोन (बाजूने पाहता, चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागचा कल) थोडा कमी केल्यास जडपणा उतरतो. मात्र वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची ओढही त्याबरोबर घटते.

पुण्यात याची परीक्षा दोन टोकांना होते. पेठांतल्या गल्लीत उभी गाडी जागच्या जागी वळवणे सर्वांत जड जाते. गाडी किंचित सरकू द्यावी, मग वळवावी. खड्ड्याचा धक्का थेट हातात येतो, म्हणून अंगठे स्पोकच्या आत अडकवू नयेत. ताम्हिणी किंवा वरंध घाटात ओल्या वळणावर मात्र पुढचे टायर पकड सोडण्याआधी स्टिअरिंग हलके पडते आणि चालक वेळीच सावध होतो. मदतीची यंत्रणा ही सूचना पुसट करते. ती पुन्हा मिळते, आणि एवढी मेहनत सार्थकी लागते.

कायद्याची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीबाबत आधी आरटीओला विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत नुसता फ्यूज काढणे म्हणजे रूपांतर नव्हे. मोटर आणि तिचे गिअर दांड्याला जोडलेलेच राहतात, त्यांना फिरवण्याचे ओझे हातावर येते, आणि स्टिअरिंगच्या सेन्सरवर अवलंबून असलेली स्थैर्य-नियंत्रण यंत्रणाही बिघडू शकते. अशा गाडीत मोटर नसलेला कॉलम किंवा रॅक बसवावा लागतो. तो मिळत नसेल तर गाडी आहे तशीच ठेवावी.