पाण्यात बुडवून ठेवले तरी न नासणारे रानफळ

सरबताच्या बाटलीवर ‘आयएनएस 211’, म्हणजेच सोडियम बेन्झोएट, असे छापलेले दिसले की ‘यात केमिकल आहे’ म्हणून बाटली पुन्हा फळीवर ठेवणारे पुष्कळ जण भेटतात. सरबताच्या आंबटपणात या क्षाराचे बेन्झॉइक आम्ल होते आणि सरबत टिकवण्याचे खरे काम ते आम्लच करते. स्वीडन-फिनलंडच्या पाइन अरण्यांत पिकणाऱ्या लिंगनबेरीत हे आम्ल निसर्गतःच असते, किलोमागे साधारण 1 ग्रॅमच्या आसपास.

लिंगनबेरी हे क्रॅनबेरीच्याच व्हॅक्सिनियम प्रजातीतले, जेमतेम वीतभर वाढणारे सदाहरित झुडूप. पाने जाड आणि तुकतुकीत असतात, आणि पान उलटून पाहिले की खालच्या बाजूस बारीक गडद ठिपके दिसतात. ऑगस्टअखेरीपासून वाटाण्याएवढी लालभडक फळे पिकू लागतात; ती आंबट, तुरट आणि किंचित कडू लागतात. स्वीडनमधली जुनी रीत अशी, की फळे निवडून बरणीत भरायची, ती बुडतील इतके पाणी वर ओतायचे आणि बरणी थंड जागी ठेवून द्यायची. न शिजवता, साखरही न घालता ही फळे हिवाळाभर टिकतात. स्ट्रॉबेरी मात्र फ्रिजमध्येसुद्धा आठवडाभरात बुरशी धरते.

यामागचे रसायन मला फार सुंदर वाटते. बेन्झॉइक आम्लाचा रेणू दोन रूपांत वावरतो: हायड्रोजन जवळ असलेला अखंड रेणू आणि तो सोडून ऋणभारित झालेला आयन. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; जितका कमी तितके आंबट) 4.2 असताना दोन्हींचे प्रमाण निम्मे-निम्मे असते. लिंगनबेरीच्या रसाचा सामू सुमारे 2.7, म्हणून तिथे 100 पैकी 97 रेणू अखंड राहतात. यीस्टचे किंवा बुरशीचे पेशीपटल स्निग्ध असल्याने भारित आयनाला सहज वाट देत नाही, पण हा भाररहित रेणू त्यातून आरपार जातो. पेशीच्या आत सामू 7 च्या जवळ असल्यामुळे तो लगेच हायड्रोजन सोडतो, आणि आयन झाल्यावर त्याला सहजी बाहेर पडता येत नाही. असे रेणू एकामागून एक येत राहतात, पेशीचा अंतर्भाग आंबट होत जातो, आणि सुटलेले ते हायड्रोजन, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर उपसण्यातच तिची ऊर्जा खर्च होऊन वाढ थांबते. दुधासारख्या जवळजवळ उदासीन पदार्थात बेन्झोएट निरुपयोगी ठरते, ते याच कारणाने.

पोषणाचे म्हणाल तर या फळात अँथोसायनिन रंगद्रव्ये, मँगनीज आणि तंतू आहेत. क जीवनसत्त्व मात्र 100 ग्रॅममागे 10 मिलिग्रॅमच्या आसपासच, म्हणजे आवळ्यापुढे अगदीच थोडे. ‘सुपरफूड’ म्हणून त्याची महागडी पूड घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

आपल्या पोटात गेलेले बेन्झॉइक आम्ल, मग ते फळातले असो वा बाटलीतले, यकृतात ग्लायसिनशी जोडले जाते आणि हिप्प्युरिक आम्ल होऊन लघवीवाटे बाहेर पडते.