सीआरपी वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ग्रामीण भागातल्या, पासष्टीच्या पुढच्या १,२९३ जणांच्या रक्ताचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. सगळी हिंडती-फिरती, आपलं आपण करणारी माणसं. साडेचार वर्षांहून थोडा जास्त काळ त्यांच्यावर नजर ठेवली. सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ (पेशींमधला एक संदेशवाहक प्रथिन-रेणू) खूप होतं, त्यांचा मृत्यूचा धोका ते सर्वांत कमी असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. जोडीला सीआरपीही जास्त असेल, तर २.६ पट. वय, वजन, धूम्रपान, मधुमेह, आधीचा हृदयविकार यांचा हिशेब वेगळा काढला तरी आकडे टिकले. आणि मृत्यू हृदयविकाराने आलेला असो की दुसऱ्या कशाने, चित्र तेच राहिलं.

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ते तयार होतं यकृतात, पण हुकूम येतो बाहेरून. संसर्ग किंवा इजा झाली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात आणि यकृत कामाला लागतं. मोठ्या संसर्गात सीआरपी शेकडो पटींनी चढतं, आणि कारण संपलं की काही दिवसांत उतरतं.

म्हातारपणी मात्र ते अनेकांच्या बाबतीत पूर्ण उतरतच नाही. ताप नाही, दुखणं नाही, पण दाह, म्हणजे शरीराची ही संरक्षणाची प्रतिक्रिया, मंदपणे चालूच. पोटावरची चरबी इंटरल्यूकिन-६ सोडते. विभाजन थांबलेल्या पण मरायला तयार नसलेल्या जुन्या पेशी सोडतात. हिरड्यांचा जुनाट आजार भर घालतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली याला ‘इन्फ्लेमएजिंग’, म्हणजे वयाबरोबर येणारा दाह, म्हटलं.

मग सीआरपी खाली आणलं की आयुष्य वाढेल? इथेच बहुतेकांची गफलत होते. काही लोकांत जन्मतःच अशी जनुकं असतात की त्यांचं सीआरपी आयुष्यभर थोडं चढं राहतं. अशांना हृदयविकार जास्त होतो का, हे मोठ्या प्रमाणावर तपासलं, तर तसं दिसलं नाही. उलट इंटरल्यूकिन-६चा संदेश क्षीण करणारी जनुकं ज्यांच्यात आहेत, त्यांना हृदयविकार कमी होतो. सीआरपी साक्षीदार आहे. आरोपी वरच्या पायरीवर शोधायला हवा.

तिथे औषधाचा घाव घालूनही पाहिला. २०१७च्या कॅन्टोस चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब दिलं. साखळीत इंटरल्यूकिन-६च्याही आधी येणारा इंटरल्यूकिन-१ बीटा ते रोखतं. १५० मिलिग्रॅमच्या डोसने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले, पण एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. दाह हे शेवटी शरीराचंच शस्त्र आहे, ते काढून घेतल्यावर आणखी काय होणार!

त्यात बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांनी आणखी पेच टाकला. शिकार, मासेमारी, शेती आणि पोटात जंत. निम्म्या लोकांचं सीआरपी वाढलेलं. तरीही चाळिशीपुढच्या ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा, म्हणजे धमनीविकाराच्या खुणेचा, मागमूस नाही. म्हणजे संसर्गाचा दाह आणि बैठ्या, भरल्या पोटाच्या जगण्यातला दाह यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. मला तरी या विषयातला हा सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष वाटतो.

आपल्याकडे आईवडिलांसाठी घेतलेल्या चेकअप पॅकेजमध्ये आता बरेचदा एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपीची अगदी थोडी वाढही पकडणारी चाचणी, असते. हृदयविकाराच्या दृष्टीने लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३च्या वर जास्त, असं ढोबळमानाने धरतात. आकडा १०च्या वर गेला असेल तर आधी अलीकडची सर्दी, लघवीचा संसर्ग, ठणकणारी दाढ आठवावी. दोनेक आठवड्यांनी, तब्येत ठीक असताना पुन्हा रक्त द्यावं आणि तो दुसरा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावं.