तारे बनणं थांबलं म्हणजे दीर्घिका मेली?

ठाण्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत एक समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे: ज्यापासून तारे बनतात तो वायू संपला, तारे बनणं थांबलं, दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) विझली. मुलं ती पाठ करतात, म्हणून हा खुलासा.

तारानिर्मितीचा जोर ओसरला की आधी जातात अवजड निळे तारे. काही कोटी वर्षांत त्यांचा खेळ आटोपतो. मागे उरतात पांढरे ए वर्गाचे तारे, साधारण १०० कोटी वर्षं टिकणारे. म्हणून अशा दीर्घिकेच्या वर्णपटात, म्हणजे तिच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, हायड्रोजनच्या ठळक काळ्या रेषा दिसतात, पण नवजात ताऱ्यांनी उजळलेल्या वायूच्या तेजस्वी रेषा जवळजवळ नसतात. या खुणेवरूनच जोर नुकताच ओसरल्याचं कळतं. पुढे रंग तांबूस होत जातो, उजेड मात्र राहतो. सूर्यासारखे तारे सुमारे १००० कोटी वर्षं जगतात, लाल बटू, म्हणजे छोटे मंद लाल तारे, त्याहून कितीतरी जास्त.

आणि वायू संपतोच असं नाही! २०१५ च्या एका अभ्यासात अशा ३२ दीर्घिका तपासल्या, तर १७ मध्ये कार्बन मोनॉक्साइड सापडला, म्हणजे ज्यातून तारे घडतात तो थंड रेणवीय (रेणूंच्या रूपातला) वायू शिल्लक होता. पुढे चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीला काही ठिकाणी तो केंद्राजवळ दाटलेला आणि खवळलेला दिसला. इतक्या खळबळीत तारे घडणं अवघडच.

ठाण्याजवळच्या येऊरला शहराचा उजेड आड येतो. एप्रिलमध्ये मुरबाडकडच्या अंधारात छोट्या दुर्बिणीतून मुलांना कन्या राशीतली एम८७ ही दीर्घिका जरूर दाखवा. तिथे नवे तारे जवळपास बनत नाहीत, तरी ५ कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवरून ती दिसते. तिच्याभोवती अफाट तप्त वायू आहे. केंद्रातल्या कृष्णविवराचे झोत त्याला सहजी थंड होऊ देत नाहीत, म्हणून त्यातून तारे घडत नाहीत.