उखांबा
उखांबा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील झुलू समाजाचे बिअर पिण्याचे मडके. क्वाझुलू-नाताल प्रांतात ज्वारीपासून केलेली घरगुती बिअर (उत्श्वाला) त्यातून पाहुण्यांपुढे येते आणि पूर्वजांनाही (अमाद्लोझी) अर्पण केली जाते. बिअर मुरवण्याचे मोठे भांडे 'इम्बिझा' आणि वाहून नेण्याचे अरुंद मानेचे 'उफिसो' ही त्याची भावंडे.

मडकी घडवतात स्त्रिया, तीही चाकाशिवाय. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भिंत चढवायची, खरवडून पातळ करायची आणि वाळत आली की गुळगुळीत गोट्याने घोटायची. उघड्यावर, लाकूड आणि शेण यांसारख्या जळणात पहिली भाजणी होते; दुसरी धुराची, तिने मडके काळेभोर होते. वरून चरबी चोळली की चकाकी येते. हा काळेपणा पूर्वजांसाठी असतो. त्यांना अंधारी, थंड जागा प्रिय, अशी श्रद्धा आहे. पारंपरिक गोल घरात दारासमोरच्या मागच्या भागाला 'उम्सामो' म्हणतात. ती जागा त्यांची आणि त्यांच्यासाठीची बिअरही तिथेच ठेवतात.

नक्षीत सर्वांत लक्षवेधी 'अमासुम्पा', म्हणजे चामखिळींसारखे उंचवटे. मातीच्या बारीक गोळ्या मडक्याच्या ओल्या अंगावर चिकटवून त्यांचे पट्टे, त्रिकोण, कमानी करतात. पूर्वी स्त्रिया त्वचेवर शोभेसाठी उठावदार व्रण करून घेत. अमासुम्पाचे नाते काही अभ्यासक या व्रणांशी जोडतात, तर काहींना त्यात गुरांचा कळप, म्हणजे घराण्याची संपत्ती दिसते. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. दूध काढण्याच्या लाकडी भांड्यांवरही हेच उंचवटे कोरलेले आढळतात. मडके दोन्ही हातांनी उचलून ओठांना लावायचे आणि पुढच्याकडे द्यायचे, म्हणून ही नक्षी डोळ्यांइतकीच तळव्यांना कळते. संग्रहालयातल्या काचेमागे नेमके तेच हरवते.

क्वाझुलू-नातालमधल्या थुकेला नदीच्या खोऱ्यातल्या कुंभार नेस्टा नाला (१९४०–२००५) यांनी हे काम कलादालनांपर्यंत नेले. आई सिफिवे यांच्याकडून त्या शिकल्या. खोऱ्यातल्या उत्खननात निघालेल्या प्राचीन खापरांवरच्या रेघा पाहून त्यांनी त्या आपल्या मडक्यांवर पुन्हा कोरल्या. संग्राहकांसाठी घडवलेल्या त्यांच्या मडक्यांत कधी बिअर भरली जात नाही, पण घडण आणि भाजणी गावातलीच राहिली. जाबू, थेंबी आणि झानेले या त्यांच्या मुलीही कुंभारकामातच आल्या.