वडिलांच्या नावावरचं घर किंवा शेत: वारस नोंद नेमकी कुठे अडते

महापालिकेची घरपट्टी आपल्या नावाने आली म्हणजे घर आपलं झालं, असं सोलापुरात अजूनही सर्रास समजलं जातं. घरपट्टीवरून कर कोणी भरायचा एवढंच कळतं. शहरातल्या मिळकतीला नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक आणि शेतीला सातबारा लागतो. वडील गेल्यावर तिथे वारसांची नावं लावून घ्यायची. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार कार्डं आणि ताजा उतारा जोडून अर्ज द्यायचा; सातबाऱ्यासाठी तो ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो.

अर्ज परत येतात ते बहुतेक नावावरून. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत तर हे फार. जुन्या उताऱ्यावर ‘नरसय्या’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘नरसिंह’, आधारवर आडनाव आधी. मग अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा पडतो. त्रुटी कोणती, हे एका ओळीत लिहून द्यायला काय हरकत आहे? सत्तरीच्या बाईला त्यासाठी पुन्हा पुन्हा जिने चढावे लागतात. शेरा लेखी आणि कारणासह मागा. दाखल्यातच चूक असेल तर आधी जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून तो दुरुस्त करून घ्या. उताऱ्यावर जुनं नाव असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करा. ते नुसतं पुष्कळदा चालत नाही. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, खरेदीखत असं काहीतरी जोडा.

दुसरी अडचण वारसांच्या यादीची. हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसताना मुलगा, मुलगी आणि पत्नी यांच्याबरोबर मयताची आईही पहिल्या वर्गातली वारस असते. आजी हयात असूनही तिचं नाव राहून जातं. लग्न झालेल्या बहिणींचं तर मुद्दाम गाळलं जातं. कृपा करून असं करू नका. प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं आणि पुढे विक्रीच्या वेळी सगळं उकरून निघतं.

बहिणीला हिस्सा नको असेल तर तिचं नाव आधी लागू द्या, मग हक्कसोडपत्र करा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलेल्या हक्कसोडीने मिळकतीतला हक्क जात नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यायचा असतो. आणि बहिणींनो, रक्षाबंधनाला घाईघाईत पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका.

मुदतींचा घोळ वेगळाच. हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्या, असं जमीन महसूल संहिता सांगते. ही मुदत उलटली की हक्क बुडाला, असं समजून अक्कलकोट, मोहोळकडची माणसं वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत. हक्क बुडत नाही. उशिरा का होईना, अर्ज करा. अर्जानंतर निघणाऱ्या नोटिशीतले पंधरा दिवस हरकतीसाठी असतात. फेरफार, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद, तिचा क्रमांक मिळाला म्हणजेही काम झालं नाही. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली का, ते नवा सातबारा काढून बघा. सातबाऱ्याची नोंद चुकीची प्रमाणित झाली असेल, तर साठ दिवसांच्या आत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं. वारसांमध्येच वाद असेल तर मात्र मालकी फेरफाराने ठरत नाही, दिवाणी न्यायालयातच जावं लागतं.